काचेपलीकडचा हात

१७१० साली झकारियास फॉन उफेनबाख नावाचा एक जर्मन पुस्तकवेडा प्रवासी ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन म्युझियम बघायला गेला आणि तिथली तऱ्हा बघून वैतागला. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांनी म्युझियम भरून गेलं होतं. सहा पेन्स दिले की बायकांनासुद्धा वर सोडतात, ही मंडळी इकडून तिकडे धावतात आणि दिसेल त्या वस्तूला हात घालतात, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे.

आज ती वाचताना आपण नकळत उफेनबाखच्या बाजूने उभे राहतो. म्युझियममध्ये हात लावायचा नसतो, हे आपल्याला शाळेच्या सहलीतच दटावून शिकवलेलं असतं. मला मात्र ती नोंद वाचून वेगळाच प्रश्न पडला. त्या खेडुतांना कुणी अडवलं कसं नाही? उत्तर साधं आहे. तेव्हा वस्तू हाताळणं हा म्युझियम बघण्याचाच भाग होता.

अ‍ॅशमोलियन १६८३ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यानंतरच्या दशकात सेलिया फिएन्स ही इंग्रज बाई घोड्यावरून देशभर फिरत तिथे पोचली. तिला तिथे एक काठी दिसली. दिसायला भरीव आणि वजनदार, पण हातात घेतल्यावर अगदीच हलकी. ही गंमत तिने आवर्जून नोंदवली. नुसती बघितली असती तर ती काठी तिच्यासाठी कायमची जडच राहिली असती. पुढे १७८६ मध्ये सोफी फॉन ला रोश ही जर्मन लेखिका ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिथे एका प्राचीन रक्षापात्रातली राख तिने हळुवारपणे बोटांत धरली आणि जिची ती राख होती तिच्याविषयी विचार करत राहिली. आज असं केलं तर सुरक्षारक्षक धावत येतील.

म्हणजे ‘हात लावू नये’ ही पाटी म्युझियमपेक्षा वयाने लहान आहे. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी ही एक मजेशीर माहिती झाली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मात्र ती पाटी म्हणजे बंद झालेलं दार होतं. सध्या रोबॉटच्या मदतीने घरबसल्या म्युझियममधल्या वस्तूंना ‘स्पर्श’ करता यावा म्हणून जे प्रयोग चालले आहेत, ते समजून घ्यायचे तर आधी हे दार कसं बंद झालं ते बघायला हवं.

काच आली

एकोणिसाव्या शतकात म्युझियममध्ये गर्दी वाढली. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तर अख्खी इमारतच काचेची उभी राहिली. वस्तू हळूहळू काचेच्या कपाटांत गेल्या.

याला खरी कारणं होती, हे मान्य करायला हवं. हाताच्या घामात क्षार आणि आम्लं असतात, त्यांनी धातू गंजतो. दगडसुद्धा झिजतो. आपल्याकडच्या जुन्या देवळातला उंबरठा किंवा नंदीची पाठ बघितली की लाखो हात काय करू शकतात ते कळतं. पण त्या काळच्या लिखाणात आणखी एक सूर सापडतो. कामगारवर्गाचे हात मळके, त्यांना वस्तूंची कदर नाही, असा तो सूर. डोळे हे ज्ञानाचं इंद्रिय आणि स्पर्श हे लहान मुलांचं, अडाण्यांचं, असा भेदभाव तेव्हा सुशिक्षितांमध्ये रूढ होता. सरदार-विद्वानांनी वस्तू हाताळल्या तेव्हा तो अभ्यास होता. कामगार आले तेव्हा तो धोका झाला.

याच शतकात पॅरिसमध्ये लुई ब्रेल या न दिसणाऱ्या तरुणाने उंचवट्याच्या टिंबांची लिपी तयार केली. ती १८२९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या काळात अक्षरं बोटांखाली येत होती, त्याच काळात वस्तू बोटांपासून दूर चालल्या होत्या.

बोटांना काय कळू शकतं, याचा पुरावा युरोपकडे नव्हता असं नाही. निकोलस सॉन्डरसन (१६८२–१७३९) याची दृष्टी तान्हेपणीच देवीच्या रोगाने गेली होती. तो पुढे केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, आणि तोही न्यूटन ज्या पदावर होता त्या पदावर. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७४९ च्या आपल्या अंधांविषयीच्या पुस्तिकेत त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली आहे. जाणकारांचे डोळे फसतील इतकी हुबेहूब खोटी जुनी पदकं सॉन्डरसन नुसत्या बोटांनी खऱ्या पदकांतून वेगळी काढायचा. म्युझियमला हवा असतो तो हाच तर तज्ज्ञ! पण काचेच्या कपाटापुढे सॉन्डरसनची विद्या काहीच कामाची नव्हती.

संडरलंडचे हात

दार पहिल्यांदा किलकिलं करणाऱ्यांत जे. ए. चार्ल्टन डीज या माणसाचं नाव घ्यावं लागतं. इंग्लंडच्या ईशान्येला संडरलंड नावाचं, एकेकाळी जहाजबांधणीचं असलेलं गाव आहे. तिथल्या म्युझियमचा काही काळ क्युरेटर असलेल्या डीज यांनी १९०६ मध्ये गावच्या अंधशाळेतल्या मुलांना बोलावलं आणि वस्तू हाताळायला दिल्या. प्रयोग इतका रंगला की पुढे प्रौढांसाठीही सत्रं सुरू झाली. १९१३ मध्ये त्यांनी आपला अनुभव लेखाच्या रूपात मांडला.

त्या सत्रांचे फोटो आज इंटरनेटवर बघायला मिळतात. जरूर बघा. पेंढा भरलेल्या प्राण्यांभोवती मुलं उभी आहेत, सांगाड्यावरून बोटं फिरताहेत. या फोटोंत मी सगळ्यात जास्त वेळ चेहरे बघत बसतो. मुलांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, एकमेकांकडेही नाही. ते सगळं हातात उतरलेलं आहे.

हा विचार संस्था म्हणून उभा राहायला मात्र बराच वेळ लागला. स्पेनमधल्या अंधांच्या ‘ओन्से’ या संघटनेने १९९२ मध्ये माद्रिदला स्पर्शाचं म्युझियम उघडलं. १९९३ मध्ये इटलीतल्या अँकोना शहरात ‘म्युझिओ ओमेरो’ सुरू झालं. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या न दिसणाऱ्या जोडप्याने ते उभं केलं. तिथे गाजलेल्या शिल्पांच्या प्रतिकृती आहेत आणि पाटीचा नियम उलटा आहे : हात लावा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ च्या डिसेंबरमध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झालं, त्यात संग्रहातल्या वस्तूंच्या २२ प्रतिकृती ठेवल्या गेल्या.

पण माद्रिद, अँकोना किंवा दिल्ली गाठायला प्रवास करावा लागतो. न दिसणाऱ्या माणसाला तर बरेचदा सोबतही शोधावी लागते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरची म्युझियम फोनच्या पडद्यावर आली. बोटाने पडदा सरकवत आपण दालनांतून फिरलो. त्या पडद्याचा गुळगुळीतपणा मात्र मोनालिसासाठी आणि मोहेंजोदडोसाठी सारखाच होता. ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्या वाट्याला म्युझियमच्या काचेऐवजी फोनची काच आली, एवढाच फरक.

हाताच्या सहा सवयी

रोबॉट इथे काय करू शकतो? त्याआधी आपला हात काय करतो ते बघू. १९८७ मध्ये सुसान लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसं वस्तू चाचपताना हात कसे हलवतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की हात आंधळेपणाने चाचपडत नाही. काय जाणून घ्यायचंय त्यानुसार तो ठरावीक हालचाल निवडतो.

यातल्या मुख्य सहा हालचाली तुम्ही रोज करता. साडीचा पोत बघायला पदरावरून बोट पुढे-मागे फिरवता. आंबा पिकला का ते दाबून बघता. ताप आहे का हे बघायला कपाळावर हात स्थिर ठेवता. कलिंगड उचलून तळहातावर तोलता. लाडू केवढा झालाय ते मुठीत घेऊन ठरवता. भांड्याला पोचा आलाय का ते काठावरून बोट फिरवून शोधता. पोत, कडकपणा, तापमान, वजन, एकूण आकार आणि नेमका आकार या सहा गोष्टींसाठी या सहा हालचाली.

आता रोबॉटच्या स्पर्शाचा कुठलाही दावा वाचाल तेव्हा ही यादी हाताशी ठेवा. यातल्या किती गोष्टी मिळतात, असं विचारलं की जाहिरात आणि वास्तव लगेच वेगळं होतं.

किरणोत्सारी खोलीतून म्युझियमकडे

दूरच्या स्पर्शाचा इतिहास सुरू होतो तो कलेपासून फार लांब, अणुऊर्जेच्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. त्यांना हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. रेमंड गोर्ट्झ या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी यांत्रिक हातांची जोडी बनवली. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस एक मूठ हलवायचा, पलीकडे यांत्रिक हात तशीच हालचाल करायचा. माणूस हे सगळं खास जाड काचेतून बघायचा.

गोर्ट्झच्या यंत्रातली कळीची गोष्ट ही की जोर दोन्हीकडे पोचायचा. पलीकडचा चिमटा कशाला तरी अडला, तर अलीकडच्या मुठीलाही ते अडणं जाणवायचं. १९५० च्या दशकात त्याने हेच काम विजेच्या मोटारींनी करून दाखवलं. दोन हातांमध्ये आता फक्त तार उरली, आणि तार कितीही लांब असू शकते.

मला यातला योगायोग फार विलक्षण वाटतो. म्युझियममध्ये काच आली ती वस्तूला हातांपासून वाचवायला. आर्गोनमध्ये काच आली ती हातांना वस्तूपासून वाचवायला. आणि काचेपलीकडे स्पर्श पोचवण्याची युक्ती या दुसऱ्या ठिकाणी सापडली.

पुढचा टप्पा संगणकाचा. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६७ पासून ‘ग्रोप’ हा प्रकल्प चालवला. आर्गोनमधलाच एक जुना यांत्रिक हात त्यांनी संगणकाला जोडला. आता पलीकडे खरी वस्तू असण्याचीही गरज नव्हती. रेणूंची एकमेकांवरची ओढ आणि ढकल संगणक मोजायचा आणि रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला ती जाणवायची. सुरुवातीला संगणक इतके मंद होते की हे नीट जमायला वीसेक वर्षं गेली.

१९९३ च्या सुमारास एमआयटीत थॉमस मॅसी या विद्यार्थ्याने केनेथ सॉल्सबरी या संशोधकाबरोबर टेबलावर मावेल असं ‘फँटम’ नावाचं यंत्र बनवलं. (हाच मॅसी पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला.) शिवताना घालतात तशा अंगुस्तानात बोट घालायचं. ते एका बारीक यांत्रिक हाताला जोडलेलं असतं. हवेत बोट फिरवताना संगणकातल्या वस्तूचा पृष्ठभाग आला की मोटारी बोटाला अडवतात. समोर काहीच नसताना भिंत लागते, गोलाई लागते, खाच लागते. या क्षेत्राला ‘हॅप्टिक्स’ म्हणतात.

लवकरच म्युझियमवाल्यांनी याची दखल घेतली. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने २००१ ते २००४ या काळात ‘शुद्ध आकाराचं म्युझियम’ अशा अर्थाच्या नावाचा युरोपीय प्रकल्प झाला. शिल्पांचं त्रिमितीय स्कॅनिंग करायचं आणि हातावर चढवलेल्या यांत्रिक सांगाड्यातून ती चाचपायला द्यायची, अशी कल्पना होती. २०१८ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात न दिसणाऱ्या लोकांना कंप पावणारे हातमोजे देण्यात आले. त्यातून त्यांनी नेफर्टिटी, व्हीनस डी मिलो आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड यांच्या आभासी रूपांवरून हात फिरवला.

आता ती सहा गोष्टींची यादी काढा. फँटममध्ये एकाच टोकाने स्पर्श होतो. पांढऱ्या काठीच्या टोकाने जमीन कळते तसा. काठावरून बोट फिरवता येतं, दाबून बघता येतं, थोडाफार पोत कळतो. पण मूठ भरत नाही. संगमरवराचा गारवा नाही. कंप पावणाऱ्या मोज्यात हाताला अडवणारं काही नसतं. पृष्ठभाग आल्याची सूचना मिळते, पण हात हवेतून आरपार जाऊ शकतो. आपण शंभर टक्के स्पर्श द्यायला निघालो असू, तर आज हातात आलेला वाटा लहान आहे.

तरीही तो शून्य नाही. डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे. त्याच्या कपाळावरची आठी फ्लोरेन्सला प्रत्यक्ष उभं राहूनही कुणाच्या हाताला लागणार नाही. स्कॅन केलेल्या डेव्हिडची लागू शकते.

अंतराचा हिशेब

स्पर्श लांब पाठवताना एक अडचण येते, ती चित्र आणि आवाज पाठवताना इतकी छळत नाही. १९९४ मध्ये केन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक यांत्रिक हात इंटरनेटला जोडला. वाळूच्या खोक्यात वस्तू पुरल्या होत्या, आणि जगातून कुणीही हवेचा झोत सोडून वाळू उडवत त्या शोधू शकत होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद असताना चार रोबॉट फिरले आणि घरबसल्या लोकांनी ते चालवले. दोन्ही प्रयोग मस्त होते. पण दोन्हीत माणसाची आज्ञा लांब गेली आणि परत आलं ते फक्त चित्र.

स्पर्श परत आणायचा तर वेग लागतो. डोळ्यांना सेकंदाला २५-३० चित्रं पुरतात. कडक पृष्ठभाग कडक वाटायला हवा असेल तर हॅप्टिक यंत्राला सेकंदाला सुमारे १००० वेळा जोराचा हिशेब करावा लागतो. म्हणजे प्रत्येक हिशेबाला एक हजारांश सेकंद. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. एक हजारांश सेकंदात जाऊन परत यायचं तर समोरची वस्तू फार तर १०० किलोमीटरवर हवी. मुंबई-पुणे अंतरालाही हे पुरत नाही. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ७२ हजारांश सेकंद. एवढ्या उशिराने जोर परत आला की दगड रबरासारखा लागतो, नाहीतर यंत्र थरथरायला लागतं. हा अडथळा भौतिकशास्त्राचा आहे, फोर-जी की फाइव्ह-जी असा नाही.

२००२ मध्ये एमआयटी आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी अटलांटिकच्या दोन काठांवरून एकच आभासी ठोकळा मिळून उचलून दाखवला. या उशिराशी झगडतच तो उचलावा लागला होता.

आजची वाट अशी : वस्तूचं नेमकं त्रिमितीय रूप आधीच वापरणाऱ्याच्या जवळच्या यंत्रात आणून ठेवायचं. बोटाला अडवण्याचं काम ते जवळचं यंत्र करतं आणि दूरचा रोबॉट त्या रूपात भर घालत राहतो. रोबॉटची बोटंही सुधारली आहेत. एमआयटीतल्या ‘जेलसाइट’ या तंत्रात मऊ जेल वस्तूवर टेकवतात आणि जेलमागचा कॅमेरा त्यावर उमटलेला ठसा टिपतो. नाण्यावरची झिजलेली अक्षरंसुद्धा त्यात उठून येतात. सॉन्डरसनच्या बोटांचा हा आजचा वारस म्हणायला हरकत नाही.

वाघनखं आणि एक अट

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली. ती शिवाजी महाराजांनीच वापरलेली का, याची खातरजमा करता येत नाही असं खुद्द त्या म्युझियमचंही म्हणणं आहे. तो वाद इथे बाजूला ठेवू. मला या वस्तूचा आकार महत्त्वाचा वाटतो. वाघनखं बोटांत अडकवायची आणि तळहातात लपवायची. ती हातासाठीच घडवलेली आहेत, आणि लपवायची असल्यामुळे डोळ्यांना दिसू नयेत हाच त्यांचा उद्देश. अशी वस्तू आपण काचेमागे ठेवून डोळ्यांनी बघतो. साताऱ्यातल्या न दिसणाऱ्या मुलीला त्या काचेसमोर उभं केलं तर तिला गार, सपाट काच लागेल. अशा वेळी एक साधी धातूची प्रतिकृती तिच्या बोटांत चढवली, तर त्या एका मिनिटात तिला आपल्यापेक्षा जास्त कळेल. सहापैकी सहा गोष्टी.

माझा एक मित्र जन्मापासून बघू शकत नाही. तो बँकेत काम करतो आणि इतिहासाच्या बाबतीत माझ्याहून चोखंदळ आहे. या रोबॉटविषयी मी त्याला उत्साहाने सांगत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यंत्र मला हवंच आहे, लंडनची वस्तू घरी मिळाली तर कोण नको म्हणेल? पण उद्या मी गावातल्या म्युझियममध्ये गेलो आणि तिथला माणूस म्हणाला, तुमच्यासाठी ऑनलाइन सोय आहे, तर?

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे आणि भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. ‘इतरांच्या बरोबरीने’ याचा अर्थ त्याच दालनात, त्याच गर्दीत, त्याच दिवशी असा होतो. दूरवरच्या, नाजूक किंवा उंच वस्तूंसाठी रोबॉट ही खरी सोय आहे. पण तासाभराच्या अंतरावरच्या पितळी दिव्यासाठी, दगडी जात्यासाठी रोबॉट लागत नाही. तिथे प्रतिकृती, हात धुवायला पाणी आणि वेळ देणारा एक माणूस पुरतो. संडरलंडमध्ये १९०६ साली एवढ्याच भांडवलावर काम झालं होतं.

म्हणून रोबॉटच्या स्पर्शाचं स्वागत करताना मी एक अट घालेन. ज्या म्युझियमने आपल्या दारात आलेल्या न दिसणाऱ्या माणसाच्या हातात निदान दहा वस्तू ठेवल्या असतील, त्याने खुशाल यंत्र आणावं. पुढच्या वेळी म्युझियममध्ये जाल तेव्हा तिकीट खिडकीवर विचारून बघा : इथे हात लावून बघण्यासारखं काय आहे? आपल्याला दिसतं म्हणून हा प्रश्न आपण आजवर विचारलेला नाही. पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर तयार ठेवावं लागेल.